खाली किचन, वर बेडरूम: तळमजल्यावरच्या गाळ्याचा त्रास कसा थांबवायचा?

आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. पुण्याच्या उपनगरातली पाच मजली सोसायटी, तळमजल्यावर चार गाळे. एका गाळ्यात स्टेशनरीचं दुकान होतं. गेल्या वर्षी गाळामालकाने तो क्लाउड किचनला, म्हणजे फक्त घरपोच डिलिव्हरीसाठी रांधणाऱ्या किचनला, भाड्याने दिला. एक्झॉस्टचा पंखा मागच्या भिंतीत, नेमका पहिल्या-दुसऱ्या मजल्याच्या बेडरूमखाली. दिवसभर फोडणीचा ठसका, ब्लोअरची घरघर आणि रात्री एक वाजेपर्यंत डिलिव्हरीवाल्यांच्या गाड्या. किचनवाला म्हणतो, "माझ्याकडे शॉप अ‍ॅक्ट आहे, फूड लायसन्स आहे." कमिटी म्हणते, "आम्ही एनओसी दिलीच नाही, म्हणजे सगळं बेकायदा." आणि तुम्ही विचारताय, हे किचन बंद कसं करायचं?

मी वास्तुविशारद आहे. मंजूर नकाशे, भोगवटा पत्रं (इमारत वापरायला महापालिकेने दिलेले दाखले) आणि गाळ्यांवरून होणारे वाद यात माझी बरीच वर्षं गेली. कधी सोसायटीच्या बाजूने, कधी गाळेवाल्याच्या. माझा सल्ला असा की पहिल्या पत्रात "बंद करा" लिहू नका. ते वाचलं की समोरचा माणूस पोटावर पाय आला म्हणून लढायला उभा राहतो. महापालिकेचा अधिकारी "हा तुमचा आपसातला वाद" म्हणून कागद बाजूला ठेवतो. धूर रोज येतच राहतो. त्रास नेमका कुठून निघतो ते शोधा आणि तो तिथे थांबवायची मागणी करा. ते झालं नाही तर बंद करण्याची मागणी पुढे करता येते, आणि तेव्हा तिला वजन असतं.

आता कागदांकडे येऊ, कारण तुमच्या वादात दोन्ही बाजू अर्ध्याच बरोबर आहेत.

शॉप अ‍ॅक्टचा कागद हा कामगारांच्या कामाचे तास, सुट्ट्या, सेवाशर्ती यांच्याशी संबंधित आहे. २०१७ च्या कायद्यानुसार ठरावीक संख्येपेक्षा कमी कामगार असतील तर फक्त ऑनलाइन सूचना द्यायची असते. हातात येते ती तिची पोच. फूड लायसन्स अन्नाच्या सुरक्षिततेपुरतं बोलतं, जीएसटी कराबद्दल. व्यावसायिक दराने मिळकतकर भरला म्हणजे वापराला मंजुरी मिळाली, हाही मोठा गैरसमज आहे. महापालिका कर लावते तो प्रत्यक्ष वापर पाहून. या जागेत किचन चालवता येतं, असं यातला एकही कागद म्हणत नाही. ते ठरतं मंजूर नकाशा, भोगवटा पत्र आणि विकास नियंत्रण नियमावली यांवरून. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ मध्ये "विकास" या शब्दात इमारतीच्या वापरातला लक्षणीय बदलही येतो आणि त्याला परवानगी लागते.

कमिटीचंही तसंच. सोसायटीने एनओसी दिली नाही, एवढ्यावरून महापालिकेच्या दृष्टीने गाळा बेकायदा ठरत नाही. नकाशात त्या जागेवर "दुकान" लिहिलं असेल तर तिथे धंदा चालणार हे इमारत मंजूर झाली तेव्हाच मान्य झालं. दुकानाचं किचन होताना मात्र आगीचा धोका, धूर, सांडपाणी, सगळंच बदलतं, म्हणून स्वतंत्र परवानग्यांचा प्रश्न उभा राहतो. मुंबई वगळता राज्याच्या बहुतेक शहरांना डिसेंबर २०२० पासून एकत्रित नियमावली, म्हणजे यूडीसीपीआर, लागू आहे. तिच्यात रहिवासी विभागाचे आर-१ आणि आर-२ असे भाग आहेत आणि समोरचा रस्ता किती रुंद आहे यावर कुठले धंदे चालतील ते बरंचसं ठरतं. मुंबईत तिथली वेगळी नियमावली, डीसीपीआर २०३४, बघायची.

गाळा नसून राहत्या फ्लॅटमध्येच किचन, गोदाम किंवा जिम सुरू झालं असेल तर तुमची बाजू खूपच भक्कम. तिथे वर सांगितलेल्या नगररचना अधिनियमाच्या कलम ५२ आणि ५३ खाली कारवाई होऊ शकते. घरगुती मीटरवर धंदा चालत असेल तर वीज कायदा, २००३ च्या कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणीही होते. पण स्वतःच्या राहत्या घरात छोटं व्यावसायिक कार्यालय चालवायला नियमावलीत मुभा असते. तेव्हा संध्याकाळी शिकवण्या घेणाऱ्या काकू आणि फ्लॅटमध्ये थिनरचे डबे साठवणारा यांच्यावर एकच हत्यार उपसू नका.

तर पहिलं काम: सोसायटीच्या कपाटातून मंजूर नकाशा आणि भोगवटा पत्र काढा. नसेल तर महापालिकेच्या बांधकाम विभागात माहितीच्या अधिकाराखाली अर्ज टाका, उत्तराची मुदत ३० दिवस. त्याच अर्जात गाळ्याच्या वापरबदलाला परवानगी दिली आहे का, महापालिकेचा व्यवसाय परवाना आहे का आणि अग्निशमन विभागाचा ना हरकत दाखला आहे का, तेही विचारा. मत मागू नका, कागदाची प्रत मागा. "हे कायदेशीर आहे का?" या प्रश्नाला माहिती अधिकारात उत्तर मिळत नाही.

नकाशा हातात आला की तो घेऊन इमारतीच्या मागे जा. माझ्या अनुभवात निम्मा निकाल तिथेच लागतो. इमारतीभोवती जे सामासिक अंतर सोडलेलं असतं, ज्याला आपण साइड मार्जिन म्हणतो, त्यात किचनवाल्यांचा संसार पसरलेला असतो: भांडी घासायची मोरी, पत्र्याची शेड, सिलिंडर, कांद्याची पोती, कधी तर तंदूरच. वापर कायदेशीर की बेकायदेशीर यावर दोन वकील दोन मतं देतील. मार्जिनमधल्या शेडबद्दल दुमत होत नाही. ती जागा मोकळी ठेवायची असते, अग्निशमनाची गाडी फिरायला आणि वरच्या घरांना हवा-उजेड मिळायला. नकाशाची प्रत आणि तारखेसह चार फोटो जोडून केलेली ही तक्रार क्षेत्रीय कार्यालयातला कनिष्ठ अभियंता सहसा टाळू शकत नाही. आणि वास, उंदीर, पहाटेची भांड्यांची आदळआपट, हे सगळं बहुतेक वेळा याच शेडमधून येत असतं.

धुराबद्दल जरा विस्ताराने लिहितो, कारण इथे सोसायट्या स्वतःचंच नुकसान करून घेतात. किचनचा धूर भिंतीतून बाहेर सोडला तर तो वरच्या खिडक्यांत शिरणारच. त्यावर उपाय एकच: डक्ट, म्हणजे धूर वाहून नेणारा पत्र्याचा बंद मार्ग, इमारतीच्या बाहेरून थेट गच्चीच्या वर नेणं. पण गच्ची सोसायटीची, बाहेरची भिंतही सोसायटीची. किचनवाला डक्टची परवानगी मागायला येतो, कमिटी ठणकावून सांगते, "परवानगी दिली तर किचन मान्य केल्यासारखं होईल," आणि धूर दुसऱ्या मजल्यावरच राहतो. या कारणाने वर्षानुवर्षं खोकत बसलेली घरं मी पाहिली आहेत. परवानगी द्या. पण ती लेखी द्या, सशर्त द्या, आणि "ही परवानगी केवळ धूर बाहेर काढण्याच्या व्यवस्थेपुरती आहे, गाळ्याच्या वापराला संमती समजू नये, सोसायटीचे सर्व हक्क राखून ठेवले आहेत" ही ओळ त्यात घाला.

अटी कोणत्या? डक्ट जीआय (जस्ताचा लेप असलेल्या) पत्र्याचा, सांधे बंद, वळणं कमीत कमी. तोंड गच्चीच्या कठड्याच्या आणि आसपासच्या खिडक्यांच्या वर, पाण्याच्या टाक्यांपासून लांब. चुलीवरच्या हूडमध्ये तेलाचे कण अडवणारे बॅफल फिल्टर हवेत आणि ते ठरल्या वारी धुतलेच पाहिजेत. डक्टला मधेमधे साफसफाईची झाकणं हवीत, कारण आत साचणारं तेल पेट घेतं आणि डक्ट हा त्या आगीला वरपर्यंत नेणारा सरळ रस्ता ठरतो. गॅसच्या पाइपलाइनपासून आणि वायरींपासून तो दूर ठेवा. तळण जास्त असेल तर नुसत्या उंचीने भागत नाही. स्क्रबर (धूर पाण्याने धुणारं यंत्र) किंवा ईएसपी (तेलाचे कण विजेच्या भाराने ओढून घेणारं यंत्र) बसवायला सांगा. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगला धक्का लागला तर दुरुस्ती गाळामालकाची, आणि किचन हललं की डक्ट काढून भिंत पूर्ववत करायची जबाबदारीही त्याचीच. हे सगळं त्याला परवडतं का? बहुतेकांना परवडतं. रोज शिव्या खाणं आणि महापालिकेच्या नोटिशीची टांगती तलवार यापेक्षा ते स्वस्तच पडतं.

ब्लोअरच्या आवाजाबाबत एक साधी चाचणी घ्या. बेडरूमच्या खिडक्या घट्ट लावा. आवाज बराच कमी झाला तर तो हवेतून येतोय. खिडक्या लावूनही पलंगाला, भिंतीला हात लावल्यावर घरघर जाणवत असेल तर तो स्लॅब आणि कॉलममधून चढतोय. अशा वेळी आवाज अडवणारे जाड पडदे लावून काही उपयोग नाही. ब्लोअर भिंतीवरून काढून स्प्रिंग किंवा रबर माउंटवर बसवायचा आणि डक्टला जोडताना मधे कॅन्व्हासचा लवचीक तुकडा टाकायचा. पिठाच्या गिरणीलाही हेच लागू. पाया इमारतीच्या कॉलमपासून सुटा केला आणि खाली रबर पॅड घातले की वरच्या मजल्यावरचा फरक त्याच दिवशी कळतो.

ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, व्यापारी भागात ६५ आणि ५५, अशी मर्यादा आहे. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. मर्यादेपेक्षा १० डेसिबल किंवा अधिक आवाज असेल, किंवा रात्रीच्या निर्बंधांचा भंग होत असेल, तर तक्रार करता येते. मोबाइलच्या अ‍ॅपवरचा आकडा पुरावा म्हणून टिकत नाही, पण ब्लोअर चालू असताना दोन मिनिटं आणि बंद असताना दोन मिनिटं असं रेकॉर्डिंग केलंत तर त्रास कशामुळे होतो ते ऐकणाऱ्याला लगेच पटतं. पोलिसांना ११२ वर कळवता येतं. ध्वनिप्रदूषणाच्या तक्रारीत पोलिसांनी तक्रारदाराची ओळख विचारत बसू नये, ती समोरच्याला कळू देऊ नये, असं मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये बजावलं आहे. ते प्रकरण भोंग्यांचं होतं, तरी पोलीस ठाण्यात त्याचा हवाला द्यायला हरकत नाही.

रात्री एकपर्यंत किचन उघडं असणं हा मात्र गुन्हा नाही. २०१७ च्या शॉप अ‍ॅक्टने बहुतेक आस्थापनांना चोवीस तास उघडं राहायची मुभा आहे. तेव्हा "रात्री दहाला शटर खाली" असा हट्ट कायद्यात बसत नाही. रात्रीचा आवाज बसतो. डिलिव्हरीची मुलं सोसायटीच्या फाटकात थांबतात, कारण बऱ्याचदा अ‍ॅपच्या नकाशावर पिन तिथेच असते. ती गाळ्याच्या रस्त्याकडच्या दारावर आणायला किचनवाल्याला सांगा, आत दोन बाकं टाकायला सांगा, दहानंतर मागचं दार बंद. त्या मुलांशी भांडू नका. ती दिवसभर उन्हापावसात गाडी चालवतात आणि त्यांना उभं राहायला जागा देणं हे किचनवाल्याचं काम आहे.

आगीच्या बाबतीत मात्र तडजोड नको. ६ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे चेंबूरच्या सिद्धार्थ कॉलनीत तळमजल्यावरच्या दुकानाला आग लागली आणि वर राहणाऱ्या एकाच कुटुंबातली सात माणसं गेली. खाली धंदा आणि वर झोपलेली माणसं, हीच तुमची रचना आहे. सिलिंडर मोजा. गॅस सिलिंडर नियम, २०१६ प्रमाणे १०० किलोपर्यंत एलपीजी साठवायला परवाना लागत नाही. १९ किलोचे पाच सिलिंडर म्हणजे ९५ किलो. सहावा आला की परवाना हवा. जिन्याखाली, मीटरच्या खोलीजवळ किंवा पार्किंगमध्ये तर एकही सिलिंडर असता कामा नये. २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायद्यानुसार आगरोधक यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म बी, दर जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक एजन्सीकडून द्यावं लागतं. ते मागा. सोसायटीचं स्वतःचं आहे का तेही तपासा, कारण अधिकारी आला की तो दोघांचं बघणार. इथे धोका दिसला तर बैठकीची वाट पाहू नका, अग्निशमन विभागाला त्याच दिवशी लिहा.

आता पत्र. लोक एकच चार पानी पत्र लिहितात आणि खाली आयुक्त, पोलीस आयुक्त, पालकमंत्री, मुख्यमंत्री अशा नऊ प्रती टाकतात. नऊ ठिकाणी पोचलेलं पत्र कुणाचंच काम होत नाही. एका खात्याला एकच विषय द्या: मार्जिनमधली शेड बांधकाम विभागाला, धूर-वास-सांडपाणी आरोग्य विभागाला, सिलिंडर अग्निशमनाला, रात्रीचा आवाज पोलिसांना. प्रत्येकावर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. मजकूर साधारण एवढाच पुरे:

"आमच्या इमारतीच्या मंजूर नकाशात (प्रत जोडली आहे) मागील बाजूस मोकळे सामासिक अंतर दाखवले आहे. गाळा क्र. अमुकच्या वापरकर्त्याने तेथे पत्र्याची शेड उभारून भांडी धुण्याची व्यवस्था केली आहे (दिनांकासह छायाचित्रे जोडली आहेत). कृपया जागेची पाहणी करून नियमानुसार कारवाई करावी व केलेल्या कारवाईची माहिती आम्हास लेखी द्यावी."

पत्रातून "समोरून कुठलेही लोक येतात", "परप्रांतीय कामगार", "मांसाहाराचा वास" असली वाक्यं काढून टाका. हे फक्त डावपेच म्हणून सांगत नाही. त्या गाळ्यात बोंबील तळतायत की जिलेबी, याने धूर बदलत नाही, आणि कोण काय रांधतो यावर सोसायटीला बोलायचा अधिकार नाही. असं एक वाक्य पत्रात असलं की खरी तक्रारही द्वेषाची वाटायला लागते, आणि ती तशी वाटावी हे बरोबरच आहे. पाणी तोडणं, लाइट बंद करणं, शटरसमोर गाड्या लावणं हेही करू नका. कोर्टात पहिली मनाई मग सोसायटीवरच येण्याची शक्यता असते.

पत्रं पाठवण्याआधी एकदा समोरासमोर बसा. बोलवायचं ते गाळामालकाला, नुसत्या किचनवाल्याला नाही. सोसायटीचा सभासद गाळामालक आहे. किचनवाला आज आहे, उद्या दुसरीकडे जाईल. मालक बहुधा दुसऱ्या भागात राहतो, भाडं खात्यात येतं, त्याला खालचं काहीच ठाऊक नसतं. त्याला रात्री साडेदहाला दुसऱ्या मजल्यावरच्या बेडरूममध्ये नेऊन बसवा. चहा द्या. दहा मिनिटांत जे होतं ते कमिटीच्या सहा पत्रांनी होत नाही. बैठकीला तीनच माणसं असू द्या, त्यातलं एक ज्यांना प्रत्यक्ष त्रास होतो त्या घरातलं. वीस जणांच्या गर्दीत कुणीही मागे हटत नाही.

बोलून जमलंच नाही आणि महापालिकाही हलली नाही, तर वाट दोन प्रकारची. त्रास अख्ख्या वस्तीला असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो; जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं हे कलम १३३. लोकांच्या आरोग्याला किंवा शारीरिक स्वास्थ्याला बाधक धंदा थांबवण्याचा किंवा नियंत्रित करण्याचा सशर्त आदेश त्यातून निघतो. नुसता सार्वजनिक उपद्रवाचा गुन्हा नोंदवून फारसं साधत नाही, भारतीय न्याय संहितेच्या कलम २९२ खाली शिक्षा जास्तीत जास्त हजार रुपये दंड. त्रास एक-दोन घरांपुरता असेल तर दिवाणी न्यायालयात खासगी उपद्रवाचा दावा आणि सोबत तात्पुरत्या मनाईचा अर्ज. अलाहाबाद उच्च न्यायालयाचा १९७८ चा एक निकाल तुमच्या वकिलांना दाखवा: खाली पिठाची गिरणी, वर राहती घरं. परिसर मुळात गोंगाटाचा असला तरी त्यात भरीव भर घालणारा आवाज उपद्रवच ठरतो, असं तिथे मानलं गेलं. सभासद आणि सोसायटी यांच्यातल्या काही वादांसाठी सहकारी न्यायालयही आहे.

पण दावा लावण्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दाखलपूर्व अर्ज करून बघा. दोन्ही बाजू तयार असतील तर तिथे झालेली तडजोड लोकअदालतीत नोंदवता येते आणि तिला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचं बळ मिळतं. सोसायटीच्या बैठकीत ठरलेल्या गोष्टी दोन महिन्यांनी कुणी पाळत नाही, हा अनुभव तुम्हालाही असेल. हुकूमनामा असला तर थेट अंमलबजावणी मागता येते. या सोयीचा लोक फारच कमी वापर करतात.

तडजोड लिहिताना ती किचनवाल्याच्या नावाने लिहू नका, गाळा क्रमांकाच्या नावाने लिहा आणि सही गाळामालकाची घ्या. त्यात असं घाला की पुढचा कुठलाही लिव्ह अँड लायसन्स करार करताना डक्ट, माउंट, सिलिंडर, मागचं दार आणि साफसफाईच्या या अटी करारातच लिहिल्या जातील आणि त्याची प्रत सोसायटीला मिळेल. तुमच्या गाळ्याचा सध्याचा करार कधी संपतो ते आजच विचारून घ्या. तो ११ महिन्यांचा असेल तर नूतनीकरणाची वेळ जवळ आली असणार, आणि मालकाला या अटी घालून घेणं त्या वेळी सगळ्यात सोपं जाईल.